रत्नागिरीच्या रिक्षावाल्या काकांना, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय

काका, साष्टांग नमस्कार. तुमचं नाव विचारायचंच राहिलं. नंबर ह्यांनी घेतला होता, पण ह्यांच्या फोनमध्ये 'रिक्षा' नावाने अकरा जण सेव्ह आहेत आणि एकेकाला फोन करून बघितलं तर सगळे भांडुपचे निघाले, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. रत्नागिरीत कोणी ओळखत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा प्लीज.

खूण सांगते. डिसेंबरात एका सोमवारी टिळक आळीच्या जवळ एक पांढरी कॅराव्हॅन बोळात अडकली होती, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, वर केबलची वायर, आणि आत एक म्हातारी बाई काही झालंच नाही अशा थाटात लसूण सोलत बसली होती. ते आम्ही. लसूणवाल्या माझ्या सासूबाई.

कॅराव्हॅन काही हौस म्हणून नव्हती घेतली. सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, आणि मुंबई-गोवा हायवेवरची टॉयलेटं कशी असतात ते काय तुम्हाला सांगायचं. तर ह्यांनी डोकं लढवलं, बेड, गॅस, संडास सगळं आतच असलेली गाडी चार दिवस भाड्याने घेऊ, म्हणजे हॉटेल नको, नातेवाईक नको, कोणाच्या दारात जायला नको. कशेडीच्या बोगद्यापर्यंत हे ऐटीत होते. पुढे डायव्हर्जनला कपाट उघडून डाळीचा डबा सांडला आणि हातखंब्याहून आत वळल्यावर मोबाईलच्या मॅपने आम्हाला त्या बोळात घातलं. मॅपला कुठे माहितीये की गाडी दहा फूट उंच आहे!

लोक जमले, सल्ले सुरू झाले, एकाने तर 'गडगा पाडा' असंही सांगितलं. आणि तुम्ही रिक्षा बाजूला लावून आधी वर बघितलं, "ही लाईटची नाय, केबलची हाय," म्हणालात, कोणाच्या तरी पडवीतून आंबे काढायची घळ आणलीत, तिने वायर उचलून धरली आणि ह्यांना म्हणालात, "सायेब, आरशात बघू नका, माझ्याकडं बघा." पाऊण तास लागला पण गाडी बाहेर. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये याच्या निम्म्या कामाला मीटिंग बोलावतात.

मग मी म्हटलं आता थिबा पॅलेस कुठे ते सांगा, तर तुम्ही हसलात. सोमवारी बंद! इतकं सगळं प्लॅनिंग आणि हेच कोणी बघितलं नव्हतं. ज्यांना कोणाच्या दारात जायचं नव्हतं ते त्या रात्री तुमच्याच अंगणात राहिले, तुमच्या पंधरा ॲम्पिअरच्या प्लगवर गाडी चार्ज करत, तुमच्या विहिरीच्या पंपाने टाकी भरत. भांड्यांचं पाणी तुम्ही माडाच्या आळ्यात सोडायला लावलंत. आणि संडासची ती कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी करायची वेळ आली तेव्हा ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, तर तुम्ही एका शब्दाने न बोलता घरामागच्या संडासाचं दार उघडून दिलंत. ह्याचे आभार कसे मानतात मला खरंच माहीत नाही.

मंगळवारी गाडी अंगणात आणि आम्ही तुमच्या रिक्षात. पॅलेसला पोचेपर्यंत मुलाची पूर्ण शिकवणी झाली होती. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, तिथल्या थिबा राजाला राणीसकट उचललं, आधी मद्रास आणि 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. पॅलेस तयार व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये राजा गेलासुद्धा. आणि मधे 1908 ते 1914 इथे जन्मलेले टिळक तिकडे मंडालेच्या तुरुंगात. "त्यांचा राजा हिते, आमचा माणूस तिते," हे तुम्ही रिक्षा चालवता चालवता बोललात, तेव्हापासून पोरगा येईल त्याला ते ऐकवतोय. म्युझियममधल्या मूर्ती-बिर्ती त्याने पटापट उरकल्या हे कबूल करते, त्याचा जीव झाडगावच्या मत्स्यसंग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यात अडकला होता. सासूबाई मात्र पॅलेसच्या कोरीव खिडकीपाशी बराच वेळ उभ्या होत्या, म्हणाल्या, एवढं मोठं घर आणि गोऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर पडायची सोय नाही.

पण मला खरे आभार मानायचेत ते पतितपावन मंदिराचे. ते आमच्या यादीत नव्हतंच, तुम्ही आपणहून थांबवलंत. 1931 चं मंदिर, सावरकरांची कल्पना, पैसा भागोजीशेठ कीरांचा, एवढं सांगून तुम्ही सहज पुढे म्हणालात, तुमच्या दादरची शिवाजी पार्कची स्मशानभूमी, तीपण कीरांचीच कृपा. सासूबाई एकदम गप्प झाल्या. सासऱ्यांना तिथेच नेलं होतं, तेव्हा आम्ही प्रभादेवीला राहायचो. त्या पायऱ्या चढल्या काका. घरी दोन जिने चढताना रडतात त्या, तिथे माझा हातसुद्धा घेतला नाही. तुम्ही खाली उभे होतात, विचारलं काहीच नाहीत, आणि परत येताना रिक्षा एकदम हळू चालवलीत.

भाडं तुम्ही पेट्रोलपुरतंच घेतलंत त्यावरून ह्यांच्याशी तुमची झालेली वादावादी मी ऐकली आहे. आणि निघताना काकूंनी घावणे भरून दिले तो स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिलाय. त्यावर कोरलेलं नाव इतकं झिजलंय की नुसतं 'कडून सप्रेम भेट' वाचता येतं, त्यामुळे त्याचाही शोधायला उपयोग नाही. रिकामा डबा परत द्यायचा नसतो असं सासूबाईंचं म्हणणं, त्यांनी बेसनाच्या लाडवांचं ठरवून टाकलंय. मे महिन्यात येतोय. ह्या वेळी जनशताब्दीने येऊ, स्टेशनला तुम्ही दिसलात तर ठीक, नाहीतर टिळक आळीच्या त्या बोळाच्या तोंडाशी डबा घेऊन उभे राहू.

तुमची,
भांडुपची वयनी