पालकमंत्र्यांना खुले पत्र: बस हद्दीपाशी थांबू नये

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा यांस,
सविनय नमस्कार.

मी पाचगावात राहते आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेबाचे काम करते. रोज सकाळी संभाजीनगर, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, ताराराणी चौक असे सगळे शहर ओलांडून पंचगंगेपलीकडे जायचे आणि संध्याकाळी तीच वाट उलटी धरायची. या वाटेवर महापालिकेची हद्द दोनदा लागते. नेमकी कुठे, ते मला दाखवता येणार नाही, कारण घरे सलग आहेत आणि दुकानेही सलग आहेत. हद्द कळते ती फक्त बसची वाट बघताना.

१९७२ साली महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. त्यानंतर वस्ती वाढली ती जास्त करून पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर या बाजूंना. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले. घरांचे नकाशे कोण मंजूर करणार, हे त्यातून ठरले. त्या घरांतली माणसे कामावर कशी जाणार, याचा विचार मात्र कोणाच्याच टेबलावर नाही. केएमटी ही शहर बससेवा महापालिकेची, एसटी महामंडळाची, रस्ते कधी सार्वजनिक बांधकामचे तर कधी ग्रामपंचायतीचे. हे सगळे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्यासमोर एकत्र बसतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

हद्दवाढीचा, म्हणजे लगतची गावे महापालिकेत घेण्याचा, वाद पेटला की एक गोष्ट हमखास होते. ‘विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा’ अशी मागणी पुढे येते. शहरातल्या लोकांचे दुखणे मला समजते. घरफाळा त्यांनी भरायचा आणि तोट्यातली गाडी आमच्या दारात यायची, हे त्यांना सलते. पण त्या गाडीतून कोण येते तेही बघा. महाद्वार रोडवरच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली येतात, राजारामपुरीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी येतात, सीपीआर या सरकारी दवाखान्यात निघालेले पेशंट येतात. हद्दवाढ व्हावी की नाही, हे सरकारने आणि गावांनी बसून ठरवावे. बसला त्या भांडणातले हत्यार करू नये. तोट्याचा वाटा ठरवता येतो. पुण्यात २००७ साली दोन महापालिकांच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली आणि संचालनातली तूट दोन्ही महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. आपल्याकडे महापालिका, प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्यात असे प्रमाण का ठरू नये? शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलचे कारखाने कामगारांवर चालतात, आणि त्या कामगारांना रोज दारापर्यंत पोचावे लागते.

आता मुख्य मुद्दा. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला १०० इलेक्ट्रिक गाड्या मंजूर झाल्या. या योजनेत ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. १२ मीटरच्या गाडीला केंद्र किलोमीटरमागे २४ रुपये देते, ९ मीटरच्या गाडीला २२. वरचे महापालिकेने भरायचे. म्हणजे गाडी भरून धावली काय किंवा रिकामी धावली काय, पैसे द्यावेच लागतात. म्हणून गाड्या किती आल्या यापेक्षा त्या कुठे धावतात याला महत्त्व आहे.

माझे काम हिशेबाचे, म्हणून हिशेबच मांडते. एका मार्गावर जाऊन-येऊन, टोकाला चालक-वाहकांच्या विश्रांतीसकट, ९० मिनिटे लागतात असे धरू. त्यावर दोन गाड्या सोडल्या तर पाऊण तासाने एक गाडी मिळेल. सहा सोडल्या तर पंधरा मिनिटांनी, नऊ सोडल्या तर दहा मिनिटांनी. प्रत्येक नगरसेवकाला आणि प्रत्येक सरपंचाला खूश करायला शंभर गाड्या पन्नास मार्गांवर दोन-दोन वाटल्या, तर सगळीकडे पाऊण तासाची गाडी होईल. पाऊण तासाच्या गाडीसाठी कोणी थांबत नाही. माणूस वडापला, म्हणजे खासगी प्रवासी गाडीला, हात करतो, आणि दोन पगार साठले की हप्त्यावर मोपेड घेतो. आमच्या गल्लीत हेच झाले. मोपेड हौसेने घेतलेली एकही बाई मला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका थांब्यावर मी पन्नास मिनिटे उभी होते. थांबा कोणता आणि गाडी कोणाची, ते लिहीत नाही, कारण चूक त्या चालकाची नव्हती. वेळापत्रकच तसे होते. शेजारी एक म्हातारी होती, हातात एक्स-रेचे पाकीट. पाकीट भिजू नये म्हणून तिने ते पदराखाली धरले होते आणि स्वतः भिजत होती.

म्हणून विनंती अशी की, आधी शहराच्या आरपार जाणारे मोजके मुख्य मार्ग ठरवा आणि त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत दर दहा मिनिटांनी गाडी ठेवा. पाचगाव ते शिरोली. कळंबा ते गांधीनगर. वडणगे ते सीपीआर, विद्यापीठ आणि पुढे गोकुळ शिरगाव. उरलेल्या गावांतून लहान गाड्या या मार्गांना येऊन मिळाव्यात. कारखान्यांची दुसरी पाळी सुटते तेव्हा स्टँडवर गाडी उभी असावी. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांचे पक्षकार इथे येतात, त्यांनाही सीबीएसवर उतरल्यावर पुढची गाडी सापडायला हवी.

दाभोळकर कॉर्नर आणि व्हीनस कॉर्नरची कोंडी हाही बसचाच प्रश्न आहे. ९० मिनिटांची फेरी कोंडीने १२० मिनिटांची झाली, तर दहा मिनिटांची सेवा टिकवायला नऊऐवजी बारा गाड्या लागतील. वरच्या तीन गाड्यांचे पैसे निव्वळ कोंडीत उभे राहण्यासाठी जातील. त्यापेक्षा त्या दोन चौकांत बसला आधी वाट द्या.

तिकिटाचेही बघा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत एसटीपुरती. एकाच रस्त्यावर, एकाच थांब्यावर बाई अर्ध्या तिकिटाच्या गाडीसाठी थांबणार आणि केएमटी तिच्यासमोरून रिकामी जाणार, यात दोघांचेही नुकसान आहे. शहर आणि ४२ गावांसाठी एकच पास हवा, तो एसटी आणि केएमटी दोन्हींत चालावा, आणि महिलांच्या सवलतीची भरपाई शासनाने केएमटीलाही द्यावी.

मार्गांचा आराखडा पक्का होण्याआधी तो लोकांसमोर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, म्हणून पुराच्या दिवसांतले पर्यायी मार्गही त्यात आतापासून लिहिलेले असावेत. सुनावणी शहरात ठेवणार असाल तर ती रविवारी आणि सातच्या आत संपेल अशी ठेवा, म्हणजे गावांतून येणाऱ्या बायकांना परत जायला गाडी मिळेल.

आपली,
पाचगावची एक रहिवासी