खिडकीतला तडा

येळ्ळूर,
सोमवार रात्र

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास ते बरंच केलंस. मी बोललोच तसं. ‘राजीनामा दे आणि ये निघून’ हे म्हणायला नको होतं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी ताटापुरतं बोलते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र. तड्याविषयी काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

खिडकीतून दिसणारा हाथी पर्वत बघा म्हणून तू जोशीमठहून खोलीतला फोटो पाठवलास. आईनं डोंगर बघितला. आज्जीनं ‘पोरगी वाळली’ म्हणून डोळ्याला पदर लावला. मला दिसला तो खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडं तिरका गेलेला तडा. तीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

बँकेतून तुझ्या बदलीचा कागद आला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. घाटमाथ्यावर कणकुंबीला धो धो कोसळतं आणि सौंदत्तीला पोहोचेपर्यंत ढग रिकामे होतात, हे आपण बघत आलोय. तिकडंही तोच प्रकार, घाटाच्या जागी हिमालय एवढंच: जुलै-ऑगस्टात जोशीमठला झोडपणार आणि पलीकडच्या नीती खोऱ्यात कोरडं. थंडीत बर्फ. बेळगाव साडेसातशे मीटरवर, तू एकोणीसशेच्या आसपास, म्हणजे स्वेटर दोन जास्त. पावसाला आपली पोरं भितात होय?

पण आपल्याकडच्या पावसाखाली जांभा असतो. तुझं गाव उभं आहे ते जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर. हे माझ्या पदरचं नव्हे. जोशीमठ का खचतं हे बघायला नेमलेल्या मिश्रा समितीनं १९७६ सालीच लिहून ठेवलंय की उतारावरचे मोठे धोंडे हलवू नका, खोदकाम करू नका. आमच्यातला बिगारीसुद्धा हे सांगेल, भरावावर पाया घेऊ नये. २०२३ च्या जानेवारीत तिथं आठशेवर इमारतींना तडे गेले, माणसांना रातोरात बाहेर काढलं. तू म्हणालीस, ‘बाबा, ती दुसरी वाडी, आमच्या बाजूला काही नाही.’ मग खिडकीतला तो काय आहे?

बघ, आलाच शेवटी.

आता आलाच आहे तर नीट विचारतो. नुसता गिलाव्याचा असला, केसासारखा, तर सोडून दे, ते माझ्याही भिंतींना होतं. पण वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर पाया एका बाजूनं बसतोय. दार चौकटीत घासायला लागलंय का? मोरीचं पाणी कुठं जातं? गटाराला, की मागच्या खड्ड्यात मुरतं? मुरत असेल तर घरमालकाला विचार, आणि त्यानं हसण्यावारी नेलं तर खोली बदल. भाडं जास्त पडलं तर मी देतो. नदीचं मी बोलत नाही, तू नदीपासून पुष्कळ वर आहेस. पण ७ फेब्रुवारी २०२१ ला तरी कुठं पाऊस होता? स्वच्छ ऊन पडलेलं, वर कडा बर्फासकट तुटला आणि ऋषीगंगा, धौलीगंगेतून चिखल खाली आला. दोनशेवर माणसं गेली.

माफ कर. तू चोवीस वर्षांची आहेस, बँकेची तिजोरी सांभाळतेस आणि मी तुला मोरीचं पाणी विचारतोय. गल्लीत मात्र मी उलटंच सांगत फिरतो. ‘आमची मेघा बद्रीनाथाच्या दारात असते. हिवाळ्यात देवच खाली तिच्या गावात येतो.’ लोक विचारतात, थंडी सोसते का? मी म्हणतो, तिला काय होतंय!

बैलहोंगलकडचं ते घर आठवतं? तू सात वर्षांची होतीस, सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा धरायचीस. रान काळं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, पाया खोल घ्यायला हवा होता. मालकाला घाई होती आणि मी हो म्हणालो. दुसऱ्या वैशाखात आपण गेलो तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेलेला. ‘बाबा, ह्यात माझं बोट जातंय,’ म्हणालीस. मालक एक शब्द बोलला नाही. आपल्याला चहा दिला, तुला बिस्कीट दिलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती भिंत मी पदरमोड करून पुन्हा बांधली, हे तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

राजीनाम्याचं बोललो ते मागं घेतो. फक्त एवढं कर: तड्याचं टोक जिथं संपतं तिथं पेन्सिलीनं आडवी रेघ मार, बाजूला तारीख लिही. मधोमध काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं दोन्हीकडं पक्की चिकटव. काच फुटली तर फोन कर, रात्री-बेरात्री कधीही. नाही फुटली तर मी विचारणार नाही. दर रविवारी एक फोटो पाठव, म्हणजे विचारावंच लागणार नाही.

पार्सल उद्या टाकतोय. कुंदा वर आहे, तो आधी काढ. खाली लसणाची चटणी आणि आईचा स्वेटर. त्याच्याही खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काही लागेल, तो ओळंबा. दोरी नवीन घातलीय.

तुझा,
बाबा