दसऱ्याच्या सुट्टीत खोपोली गाठा, मे महिन्यात नको

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरोघरी एकच विषय निघतो, पोरांना थीम पार्कला कधी न्यायचं आणि ऑफ सीझन नेमका कधी असतो. याचं उत्तर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून येतं, कोण म्हणतं पावसाळ्यात या, कोण म्हणतं दिवाळी झाल्यावर या, कोण म्हणतं फेब्रुवारीत या. त्यांच्यापुरतं ते बरोबर असेल, पण आपल्याला ते लागू होत नाही कारण आपल्या पोरांची शाळा कर्नाटकाची आहे. माध्यम मराठी असलं तरी सुट्ट्या कर्नाटक शिक्षण खात्याच्या, आणि इमॅजिकासारखं पार्क खोपोलीला म्हणजे महाराष्ट्रात. या दोन गोष्टी एकत्र ठेवून कोण बघतच नाही म्हणून हे पत्र लिहितोय, जमलं तर छापा.

पार्कला गर्दी कधी होते ते आधी बघूया. ज्या राज्यात पार्क आहे तिथल्या शाळांना सुट्टी लागली की गर्दी, त्याच शाळा चालू असल्या की वीकडेला पार्क मोकळं, बाकी हवामान, ऑफर, जाहिराती सगळं त्याच्या मागून. आता आपल्याकडं दसऱ्याला साधारण दोन-अडीच आठवडे सुट्टी असते आणि दिवाळीला फक्त सणाचे दोन-तीन दिवस. महाराष्ट्रात नेमकं उलटं, दसऱ्याला एक दिवस आणि दिवाळीला मोठी सुट्टी. चंदगडला नाहीतर कोल्हापूरला ज्यांची मावशी-आत्या आहे त्यांना हे सांगायला नको, आपली पोरं मोकळी असतात तेव्हा त्यांची पोरं सहामाही परीक्षेला बसलेली असतात. २०२५ चंच बघा, कर्नाटकात दसऱ्याची सुट्टी २० सप्टेंबरला लागली, महाराष्ट्रातल्या शाळांची दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरचा मध्य आल्यावर. मधल्या त्या दिवसांत पुण्या-मुंबईची पोरं शाळेत, आपली पोरं घरात, आणि तरी आपण काय करतो तर सगळे मिळून मे महिन्यात जातो, म्हणजे दोन्ही राज्यांची सुट्टी एकत्र असते तेव्हाच!

मे मध्ये जायचं कारण मला कळतंय. कोल्हापूरचे, पुण्याचे भाऊबंद, भाचरं सगळ्यांनी मिळून जायचं असतं आणि सगळ्यांना एकत्र सुट्टी फक्त मे मध्येच मिळते. पण साहेब, त्या दिवसांत नायट्रोसारख्या मोठ्या राईडला उन्हात रांगेत उभं राहून पोरं कंटाळून जातात, तिकीट पूर्ण भरायचं आणि दिवसभरात मोजक्याच राईड पदरात पडायच्या. भाचरांना मे मध्ये आंबे खायला गावाकडं बोलवा, आठ दिवस ठेवून घ्या, विहिरीत पोहू द्या, त्यात जी मजा आहे ती पार्कच्या रांगेत नाही. पार्कचं गणित मात्र वेगळं ठेवा, ते ज्याच्या त्याच्या सुट्टीप्रमाणं करा.

दसऱ्याच्या सुट्टीतसुद्धा कुठलाही दिवस चालतो असं नाही. शनिवार-रविवार सोडा, खुद्द विजयादशमी सोडा, २ ऑक्टोबर सोडा, कारण हे दिवस महाराष्ट्रातही सुट्टीचे आहेत आणि २०२५ मध्ये तर दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली होती. सोमवारचंही मी टाळायलाच सांगीन, वीकेंडला लागून एक रजा टाकणारे मुंबईवाले बरेच असतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे खरे दिवस. नवरात्रात आणखी एक फायदा म्हणजे बऱ्याच घरात उपवास, घट, रात्री गरबा, त्यामुळं तिकडची मंडळी फिरायला कमी बाहेर पडतात, त्यांचं खरं फिरणं दिवाळीत सुरू होतं आणि गुजरातकडची गर्दीही लोणावळा-खोपोलीला तेव्हाच येते. आपल्याही घरात घट असतात हे मला माहीत आहे, ज्यांच्याकडं नऊ दिवस दिवा राखायचा असतो त्यांनी घट उठल्यावर निघावं, कारण दसऱ्यानंतरही आपली सुट्टी सहसा काही दिवस उरलेली असते आणि माझ्या मते तेच दिवस सगळ्यात चांगले.

पावसाचं काय असं कोणीही विचारेल आणि ते विचारायलाच पाहिजे. खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे, जुलै-ऑगस्टमध्ये तिथला पाऊस म्हणजे आपल्या जांबोटी-कणकुंबीसारखा, एकदा धरला की सोडत नाही. वीज चमकायला लागली किंवा वारं सुटलं की उंचावरच्या राईड बंद ठेवतात, आणि ठेवायलाच पाहिजेत, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. पावसाळ्यातल्या डिस्काउंटची जाहिरात बघून एवढ्या लांब जाणाऱ्यांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पुण्याच्या माणसाचं ठीक आहे, दोन तासात परत घरी, आपल्याला बेळगावातून नुसतं पुणंच साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास पडतंय. शिवाय आपला रस्ता. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं, गाड्या अडकून पडल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. लहान पोरं घेऊन जुलैच्या शेवटाला त्या रस्त्यानं निघायचं ते कशासाठी, तिकिटात थोडे पैसे वाचतात म्हणून? माझं ठाम मत आहे की सीमाभागातल्या माणसानं जुलै-ऑगस्ट हा ऑफ सीझन धरूच नये. त्यात आमच्या खानापूर तालुक्यात तेव्हा भाताची लावणी चालू असते, घरातलं माणूस हलू शकत नाही आणि पोरांच्या शाळाही सुरू असतात.

आणि इथं एक गोष्ट आपल्या पंचांगातलीच उपयोगी पडते. ज्या वर्षी दसऱ्याच्या आधी अधिक महिना येतो त्या वर्षी पुढचे सगळे सण उशिरा पडतात, २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला आला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे तर दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अशा वर्षी परतीचा पाऊस बहुतेक संपलेला असतो, हायवे कोरडा, डोंगर अजून हिरवे, शेतात भात उभं आणि कापणीला वेळ, म्हणजे शेतकरी घरालाही दोन-तीन दिवस काढता येतात. ऊन असतं, ऑक्टोबर हीट म्हणतात तसलं, पण वॉटर पार्कला ऊनच बरं. दसरा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडत असेल त्या वर्षी मात्र सुट्टीचा पहिला आठवडा सोडून शेवटच्या आठवड्यात जा, हवामानाचा अंदाज बघून दोन दिवस आधी तिकीट काढा.

दुसरी संधी एप्रिलमध्ये आहे. आपल्या शाळांची परीक्षा आटोपून साधारण १० एप्रिलला वर्ग सुटतात, महाराष्ट्रात मात्र २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. म्हणजे १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे आणि शनिवार-रविवार वगळले की आठ-नऊ दिवस आपल्या हातात येतात. ही संधी दसऱ्याएवढी चांगली नाही, खोपोलीला कोकणासारखा घाम निघतो, दुपारी डांबरावर चालवत नाही, आपल्याकडं लग्नसराई आणि गावोगावच्या जत्राही तेव्हाच असतात. पण मे पेक्षा शंभर पटीनं बरी. अशा दिवसांत सकाळी गेट उघडायच्या आत पोचायचं, दुपार व्हायच्या आधी मोठ्या राईड उरकायच्या, दुपारी एसी असलेले शो किंवा पाण्यात, आणि ऊन उतरल्यावर राहिलेलं.

बंगळूरला जाऊ म्हणणारेही बरेच आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारत सुरू झाल्यापासून जास्तच, बिडदीचं वंडरला पार्क चांगलं आहे यात वाद नाही. पण बंगळूरचं आणि आपलं शाळेचं कॅलेंडर एकच. आपल्या पोरांना सुट्टी म्हणजे तिथल्याही पोरांना सुट्टी, दसऱ्यात तर म्हैसूरचा दसरा बघायला निघालेली माणसंही त्याच रस्त्यावर. शाळेत जाणारी पोरं असतील तर बंगळूरला ऑफ सीझन आपल्याला मिळतच नाही असं म्हटलं तरी चालेल. ज्यांची पोरं अजून शाळेत नाहीत, किंवा नवीन लग्न झालेली जोडपी, कॉलेजची मुलं, त्यांनी मात्र जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत वीकडेला खुशाल जावं, बंगळूरचा त्या दिवसांतला पाऊस घाटातल्यासारखा नसतो, हवा थंड असते आणि गर्दी कमी.

डिसेंबरबद्दल एक गैरसमज आहे. नाताळची सुट्टी सोडली तर डिसेंबर-जानेवारीचे वीकडे मोकळे असतील असं वाटतं, पण तो शाळांच्या सहलींचा सीझन, बसच्या बस उतरतात आणि दोनशे-तीनशे पोरं एका राईडला रांग लावतात. फेब्रुवारी तसा शांत, पण १९ फेब्रुवारी टाळा. आपल्याकडं त्या दिवशी शाळा असते आणि आपली मोठी शिवजयंती मिरवणूक वैशाखात निघते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही, महाराष्ट्रात मात्र ती सरकारी सुट्टी आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. गर्दी कमी असली की पार्कवाले राईडच्या गाड्याही कमी चालवतात, दोनाच्या जागी एक, त्यामुळं रांग एकदम शून्य होईल अशी अपेक्षा ठेवू नका. वर्षाची मोठी दुरुस्तीही अशाच मंद दिवसांत काढतात, कधी पार्कची वेळ कमी असते, कधी आठवड्यातला एखादा दिवस बंदच. पोरानं वर्षभर एकाच राईडचं नाव घेतलेलं असतं आणि नेमकी तीच बंद, असं झालं तर त्याचं तोंड बघवत नाही. म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा, कुठल्या राईड बंद आहेत, गेट किती ते किती. ऑफर असेल तर ती कुठल्या तारखांना चालत नाही ते वाचा. आणि पोरांची उंची घरीच मोजून घ्या, वंडरलाला लहान मुलांचं तिकीट ८५ ते १४० सेंटीमीटर उंचीपर्यंत, त्याच्यावर गेलं की पूर्ण तिकीट, वय कितीही असो. उंची कमी असेल तर उलट मोठ्या राईडला घेत नाहीत, मग एक वर्ष थांबलेलं परवडतं.

स्वस्त मिळतंय म्हणून पोरांची शाळा बुडवून नेणारे पालकही वाढलेत, ते मला अजिबात पटत नाही. मराठी शाळांची पटसंख्या आधीच घटतेय, शिक्षक जीव तोडून शिकवतात, आणि आपल्याला दसऱ्याची एवढी मोठी सुट्टी मिळते, ती वापरायची सोडून नोव्हेंबरमध्ये चार दिवस गैरहजर ठेवायचं हे शिक्षकांवर अन्याय करणारं आहे. ज्यांची पोरं सीबीएसईला आहेत त्यांची दसऱ्याची सुट्टी लहान असते, पण त्यांनाही मंगळवार ते गुरुवार नक्की काढता येतो.

तर आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक म्हणजे आपल्या पेपरात जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि परत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या शाळांच्या सुट्ट्यांचा तक्ता शेजारी शेजारी छापावा, सोबत दोन्हीकडच्या सरकारी सुट्ट्याही. पार्कला जाणाऱ्यांनाच नाही, लग्नाची तारीख धरणाऱ्यांना, माहेरी जाणाऱ्या लेकी-सुनांना, सगळ्यांना तो लागतो, आणि सीमाभागातला पेपर सोडून असा तक्ता दुसरं कोण छापणार? दुसरी विनंती आपल्यामार्फत बेळगावातल्या ट्रॅव्हल्सवाल्यांना. खोपोलीच्या सहली काढता त्या शुक्रवारी-शनिवारी रात्री निघतात आणि ऐन गर्दीत नेऊन सोडतात. दसऱ्याच्या सुट्टीत सोमवारी आणि मंगळवारी रात्री बस काढून बघा, लोणावळ्याला हॉटेलही वीकडेला कमी दरात मिळतं, त्यातला थोडा फायदा प्रवाशाला द्या. सातारा-कागल रस्त्याचं काम चालू असल्यानं वेळ जास्त लागतो, तेव्हा बस रात्री जरा लवकर सोडा म्हणजे सकाळी गेटवर वेळेत पोचता येईल. सप्टेंबरच्या सुरुवातीला तारखा जाहीर केल्या तर आमच्या गावातूनच एक बस भरेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
खानापूर तालुका