अँकर व्हायचंय तर आधी दोन वर्षं जिल्ह्यात काढू द्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्रकारितेचा कोर्स करणारी पोरंपोरी हल्ली भेटली की बहुतेक जण एकच सांगतात, मला अँकर व्हायचंय. रिपोर्टर व्हायचंय असं म्हणणारं कोणीतरी एखादंच. पोरांना दोष देत नाही मी, त्यांना शिकवलं जातं तेच ते बोलणार, टेलिप्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोरचा मजकुराचा पडदा) कसा वाचायचा, कॅमेऱ्यासमोर उभं कसं राहायचं, आवाज कुठे चढवायचा वगैरे वगैरे. पण समोरचा शेतकरी सातबारा, फेरफार, पंचनामा असं बोलायला लागला की त्याला पुढचा प्रश्न काय विचारायचा हे स्टुडिओत बसून कसं कळणार? त्यासाठी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दिवस घालवावे लागतात, तलाठी कधी येतो आणि कधी येत नाही ते बघावं लागतं.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वृत्तनिवेदक असायचे. स्मिता पाटील सिनेमात नाव होण्याआधी तिथे बातम्या वाचायच्या, प्रदीप भिडे तर पुढे कित्येक वर्षं घराघरात ऐकले गेले. बातमी लिहिणारे वेगळे, वाचणारे वेगळे, त्यामुळे शुद्ध उच्चार आणि शांत, नीट वाचन हीच त्यांच्याकडून अपेक्षा होती आणि ती त्यांनी मनापासून पूर्ण केली. मग 2007 पासून एकामागोमाग एक चोवीस तासांचे मराठी चॅनल आले आणि वाचणारा माणूस अचानक प्रश्न विचारायला लागला, चर्चा चालवायला लागला, निष्कर्षही काढायला लागला. म्हणजे काम पूर्ण बदललं, पण तयारी मात्र अजून वाचण्याचीच चाललीय. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

अमेरिकेत टीव्हीचे 210 लोकल मार्केट, म्हणजे स्थानिक विभाग, मानतात आणि तिकडचा रिवाज असा की नवीन माणसाने आधी लहान मार्केटमध्ये काम करायचं, बऱ्याचदा स्वतःच कॅमेरा उचलायचा, स्वतःच शूट आणि एडिट करायचं, मग हळूहळू मोठ्या शहरात जायचं. तिकडची नावाजलेली टीव्ही अँकर रॉबिन रॉबर्ट्स, तिची सुरुवात मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या छोट्या स्टेशनवर झाली. टॉक शोवाली ओप्रा विन्फ्री आधी नॅशव्हिलला लोकल बातम्या करायची, 1976 मध्ये बाल्टिमोरला गेली. तिकडे सगळं छान आहे असं अजिबात नाही, लोकल बुलेटिन गुन्हे आणि अपघातांनीच भरलेलं असतं अशी तक्रार तिकडचे लोकही करतात. पण स्टुडिओतल्या खुर्चीपर्यंत जाण्याचा रस्ता गल्लीबोळातून जातो हे तरी तिथे मान्य आहे. आपल्याकडेही हिंदी टीव्ही पत्रकार रवीश कुमार आहेत की. गल्ल्या, वस्त्या, कामगारांची घरं असं फिरून त्यांनी रिपोर्ट केले आणि 2019 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्टुडिओत बसल्यावर ते फिरणं त्यांच्या प्रश्नांत दिसायचं.

आपल्या चॅनलांवर मात्र उलटं चित्र. पूर आलेला असतो, जिल्ह्याचा स्ट्रिंगर, म्हणजे चॅनलला बातम्या पाठवणारा तिथला वार्ताहर, कमरेएवढ्या पाण्याच्या कडेला बूम माइक धरून उभा असतो, अँकर विचारतो, "काय परिस्थिती आहे तिथे?" तो सांगायला लागतो की नदीपलीकडच्या वाडीशी संपर्क तुटलाय, तिथे एक बाळंतीण आहे, बोट अजून आलेली नाही, आणि नेमकं तिथेच "आपण पुन्हा येऊ तुमच्याकडे" म्हणून लाइन कट, कारण मुंबईत कुठल्यातरी नेत्याची पत्रकार परिषद सुरू झालेली असते. पुन्हा कोणी येत नाही. त्या बाळंतिणीचं काय झालं हे आपल्याला कधीच कळत नाही. बरं हा स्ट्रिंगर म्हणजे पगारी माणूस नसतो, बातमीमागे पैसे, तेही उशिरा, म्हणून एकाच वेळी दोनतीन ठिकाणी काम करणारे आहेत. गाडीचं पेट्रोल स्वतःचं, जिवाची जोखीमही स्वतःची.

गावाचं नाव सांगताना तालुका-जिल्हा न सांगणं हेही तसलंच. कर्जत रायगडमध्ये आहे तसं अहिल्यानगरमध्येही आहे, खेड पुण्यात आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकचं वेगळं आणि वाशिमचं वेगळं. नुसतं "खेडमध्ये दरड कोसळली" असं सांगितलं की दोन जिल्ह्यांतल्या लोकांचे नातेवाईक फोन लावत बसतात.

30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून जास्त माणसं गेली. ती घटना बाहेरच्या जगाला कळली ती तिथून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे, त्याला गाव जागेवर दिसलंच नाही. त्यानंतर चॅनलांच्या सगळ्या ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाच्या गाड्या) तिथे पोचल्या, रात्रंदिवस लाइव्ह चाललं, आणि मग निघूनही गेल्या. 2017 मध्ये नवीन माळीण उभं राहिलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, तेव्हा किती चॅनलांनी तिथे तळ ठोकला? लोकांसाठीचं रिपोर्टिंग म्हणतात ते हेच असतं, कॅमेरे गेल्यावरही परत जाणं, पुनर्वसनाच्या घराची भिंत हात लावून बघणं, आरोग्य केंद्रात डॉक्टर आला का ते दर महिन्याला विचारणं. कंटाळवाणं काम आहे, टीआरपी मिळेलच असं नाही, तरी गावाला त्याचाच उपयोग होतो.

म्हणून चॅनल चालवणाऱ्यांना माझी मागणी साधी आहे. प्राइम टाइमला बसवण्याआधी अँकरला दोन वर्षं जिल्ह्यात ठेवा, तेही मुंबई-पुण्याबाहेरच्या, आणि खुर्चीत बसल्यावरही वर्षातले काही आठवडे त्याला फिल्डवर पाठवा. स्ट्रिंगरचं नाव स्क्रीनवर स्पष्ट दाखवा, त्याचं मानधन दर महिन्याला द्या, विमा काढा. आणि संपादक महोदय, तालुक्याचे वार्ताहर तुमच्याही पेपरला आहेत, त्यांना कसं आणि किती मानधन मिळतं यावर तुम्हीच एक बातमी पहिल्या पानावर छापा, म्हणजे चॅनलांनाही उत्तर द्यावं लागेल.

आपला नियमित वाचक