सूचना : शनिवारचे लिनक्स प्रात्यक्षिक

बी.एस्सी. द्वितीय वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, ऑपरेटिंग सिस्टिम विषयाचे पुढील प्रात्यक्षिक येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता संगणक प्रयोगशाळेत होईल. धारणी मार्गावरील गावांतून एसटीने येणाऱ्यांनी १० वाजताच्या तुकडीत बसावे.

१. दोघांनी मिळून किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह आणावा. त्यावर उबुंटूची (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकाराची) बूट होणारी, म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू करता येतो अशी, प्रत तयार करताना आधीचे सर्व काही पुसले जाते. म्हणून फोटो व शिष्यवृत्तीची कागदपत्रे आधीच दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

२. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाल्यावर उबुंटू वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. या पद्धतीत प्रणाली पेनड्राइव्ह व रॅम यांवरूनच चालते आणि हार्ड डिस्कवरील विंडोज जशीच्या तशी राहते. 'इन्स्टॉल'चा पर्याय शिक्षकांच्या परवानगीशिवाय कोणीही निवडू नये, कारण तेथे चुकीची निवड झाल्यास संपूर्ण डिस्क पुसली जाऊ शकते. वापरून पाहण्याच्या पद्धतीत केलेले काम संगणक बंद होताच सहसा नाहीसे होते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने प्रत्येक आज्ञा व तिचे उत्तर लगेच प्रात्यक्षिक वहीत उतरवावे.

३. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) फोल्डर तयार करणे, त्यात जाणे व फाइलचे नाव बदलणे एवढेच करावयाचे आहे. लिनक्स लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते. नवशिक्यांच्या बऱ्याच चुका येथेच होतात.

वही नसल्यास प्रात्यक्षिकास बसता येणार नाही.

— विषय शिक्षक, संगणकशास्त्र विभाग