आई, सत्काराला नाही म्हणू नकोस

सातारा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

आई, तू जिथं शाळा चालवलीस त्या वाडीवरची माणसं तुझा सत्कार करायचं म्हणताहेत. "माझा कसला सत्कार? मी पगार घेऊन शिकवत होते," असं म्हणून तू फोनवर विषयच तोडलास. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही ते तिला सावकाश वाचून दाखवा.

मागच्या आठवड्यात मी वाडीवर जाऊन आले. कोयनानगर मागे पडलं की आता थेट वरच्या पठारापर्यंत जीप जाते. तू पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन चढलीस ती पाऊलवाट कारवीत बुजून गेलीय. मिशनच्या शाळेचं नुसतं जोतं उरलंय. त्याच्याशेजारचं जांभळाचं झाड मात्र जागच्या जागी आहे. "बाईंची मुलगी आली" एवढं कानावर पडल्यावर घराघरांतून माणसं आली. तिथं तुला अजून नावानं कुणी ओळखत नाही, नुसतं 'बाई'. त्यांच्या लेखी बाई एकच.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी कपाटातून तुझ्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढून दाखवलं. १९६६ च्या जूनपासून पुढची पानं तुझ्या अक्षरात आहेत. उभं, टाकानं लिहिलेलं, 'श' ची गाठ ठसठशीत. गुरुजी म्हणाले, "मॅडम, जन्मतारखेचा रकाना बघा." त्या काळी डोंगरातल्या मुलांच्या जन्माची नोंद कुठली असायची? शाळेत नाव घालताना मास्तर सरळ १ जून लिहून मोकळे व्हायचे. आपल्याकडे त्या पिढीतला निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो. तुझ्या पानांवर मात्र ऑगस्ट आहे, जानेवारी आहे, ऐन शिमग्यातली तारीख आहे.

हे कसं, ते तिथल्या एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं. तू संध्याकाळी घरोघर जायचीस आणि आयांना विचारायचीस, पोर झालं तेव्हा नाचणी लावली होती की कापली होती? नागपंचमी किती दिवसांवर होती? धरणाचं पाणी तेव्हा कुठवर चढलं होतं? मग पाटणच्या एका दुकानदाराकडून आणलेल्या जुन्या पंचांगांतून तारीख काढायचीस. मिशनची बाई पंचांग उघडून बसते याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं. आज त्याच तारखा त्यांच्या आधारकार्डावर आहेत. त्याच तारखेवर पासष्टी भरली की एसटीचं अर्धं तिकीट मिळतं. आई, पगार तुला शिकवण्याचा मिळत होता. दिवसभर शाळा करून संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीपाशी बसून एका पोराचा वाढदिवस शोधून काढायचा पगार तुला कुणी दिला होता?

भूकंपाचं तर तू आम्हाला कधी धड सांगितलंच नाहीस. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर बसलं, हे सगळीकडे छापलेलं आहे. तुझ्या वाडीत काय झालं ते कुठंच छापलेलं नाही. शाळेची मागची भिंत पडली. धक्के थांबेनात, मुलं छपराखाली पाऊल टाकायला तयार होईनात. मिशननं तुला मिरजेला परत बोलावलं होतं आणि तू गेली नाहीस. त्या आठवड्यातच तू जांभळाखाली फळा टेकवून शाळा भरवलीस आणि पाऊस लागेपर्यंत ती तिथंच भरली. तेव्हा तुला विशी लागली होती. माझी लेक आज त्याच वयाची आहे. तिच्याकडे बघते आणि तू रात्री एकटी त्या तडकलेल्या खोलीत कशी निजत असशील, हा विचार मनातून जात नाही.

तिथं गवळी धनगरांच्या वस्तीवरच्या एक बाई भेटल्या. त्या वस्तीवरून शाळेत आलेली पहिली मुलगी ती. पावसात इरलं घेऊन ओढा ओलांडून यायच्या. पाणी चढलं की तू त्यांना खोलीवर ठेवून घ्यायचीस म्हणे. पुढं १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं आणि चराईचे, सरपणाचे, राहत्या जागेचे प्रश्न उभे राहिले. त्यानंतर वस्तीवर येणारा प्रत्येक सरकारी कागद त्यांनी वाचून दाखवला. बाप्ये बसून ऐकायचे. "अंगठा उठवायच्या आधी कागद वाचायचा, हे बाईंनी शिकवलं," असं त्या म्हणाल्या. मुंबईत माथाडी म्हणून आयुष्य काढून परत आलेले एक काका म्हणाले, टोळीत पगाराची पावती वाचता येणारा मी एकटाच होतो.

सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. नगरला मिशनच्या मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतलेल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्याही अशाच कोवळ्या, सतरा वर्षांच्या होत्या. दर ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि घालायलाच हवा. पण त्यांच्या मागून डोंगरादऱ्यांत गेलेल्या तुझ्यासारख्या पोरसवदा बाया हयात आहेत, तोवर त्यांच्या समोर उभं राहून दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? आणि आई, नको म्हणण्याचा हक्क तुझा एकटीचा नाही. या माणसांचं बोलायचं राहून गेलंय. तू आली नाहीस तर ते कायमचं राहून जाईल.

शाल-श्रीफळ नको, हे मी त्यांना सांगितलंय. पुढाऱ्यांनाही बोलावणार नाहीत. चैत्रात यात्रेला मुंबईकर मंडळी गावी असतात, तेव्हा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जांभळाखाली जमतील. तू बोलायचं की नाही ते तू ठरव. नुसती बसलीस तरी चालेल.

बाबा, तिच्या गुडघ्यांची काळजी तुम्हाला आहे, मलाही आहे. गाडी मी मिरजेला घेऊन येईन. आदल्या रात्री कराडला मुक्काम करू, म्हणजे एका दमात प्रवास होणार नाही. वर खुर्चीची सोय आहे, चढण अजिबात नाही. तुमच्या गोळ्या आणि तिचं स्वेटर बरोबर घ्या, पठारावर सकाळी चैत्रातही वारं असतं.

रविवारची भक्ती आटोपली की फोन करा. भाकरी-आमटीची पंगत किती पानांची धरायची, हे वाडीवरच्या त्या आजी रोज विचारताहेत.

तुमची,
धाकटी