नॅशनल गार्डमध्ये नाव घालण्याआधी

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

तू नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ सैन्यात, जायचं म्हणालास तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पुण्याहून आजीने फोनवर पहिलं हेच विचारलं, "पोरगा लढाईवर जाणार का?" तिच्या प्रश्नात तथ्य आहे. आपल्या वॉशिंग्टन राज्याच्या गार्डची 81वी ब्रिगेड 2004 साली इराकला गेली होती. केंद्राने बोलावलं की हुकूम राष्ट्राध्यक्षांचा, आणि तिथे नाही म्हणता येत नाही. हे आधी नीट पचव.

पण मला ही नोकरी मोलाची वाटते ती दुसऱ्या कारणासाठी. एरवी गार्डवर हुकूम चालतो गव्हर्नरचा. कॅम्प मरे या तळावर आपल्या राज्याचं मिलिटरी डिपार्टमेंट आहे, त्यात गार्ड आणि आपत्ती व्यवस्थापन एकाच खात्यात आहेत. वणवा पेटला, पूर आला, की महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव करणारी हीच शिक्षक, सुतार, विद्यार्थी मंडळी कामधंदा सोडून निघतात. 2020 मध्ये करोनात फूड बँकांमध्ये खोकी भरायलाही हीच होती.

आपल्याच राज्यातल्या ओसो गावचं तुला माहीत हवं. 22 मार्च 2014, शनिवारची सकाळ. पावसाने भिजलेला डोंगर सुटला आणि स्टिलाग्वामिश नदीकाठची वस्ती चिखलाखाली गेली. 43 माणसं गेली. चिखल असा की पाय टाकला की रुतायचा, त्यात घरांचे वासे, गाड्यांचे पत्रे, मुळासकट झाडं. अग्निशमन दल आणि गावातली माणसं आधीच उतरली होती, त्यांच्या जोडीला गार्डची पथकं आली. जिवंत कुणी सापडेल ही आशा संपल्यावरही शोध थांबला नाही, कारण घरच्यांना आपलं माणूस हवं होतं. शेवटचा मृतदेह जुलैत मिळाला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला आपल्याकडे आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तिथे एनडीआरएफचे जवान असेच दिवसचे दिवस उपसत होते. ज्याची ओळखदेख नाही अशा माणसासाठी चिखलात उतरायचं, याहून मोठी देशसेवा मला तरी ठाऊक नाही.

आणि पुढचं काम याहून मोठं असू शकतं. इथल्या किनाऱ्याला 26 जानेवारी 1700 रोजी सुमारे 9 तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला होता, तसा पुन्हा कधीही येईल. त्सुनामीचे भोंगे, प्रत्येक घराने दोन आठवड्यांचं अन्नपाणी साठवावं हा आग्रह, हे सगळं याच खात्याचं काम. त्या दिवशी पूल पडलेले असतील आणि बाहेरची मदत पोचायला वेळ लागेल. तेव्हा गावात आधीपासून असलेली, शिकवून तयार केलेली माणसंच कामी येतील. तू त्यांतला एक असावास, असं मला मनापासून वाटतं.

भरतीच्या सार्जंटला मात्र सगळं स्पष्ट विचार: करार किती वर्षांचा, सेमिस्टरच्या मध्ये बोलावणं आलं तर कॉलेजचं काय, राज्याच्या कामावर असताना दुखापत झाली तर उपचार कोण करणार. उत्तरं लिहून घे, तोंडी नको. कागद मला पाठव, मी वाचते, मग सही कर. बाबांशी मी बोलते.

तुझी
आई